अकरा सेकंदांचे कुलूप

अडतीस वर्षे मी लहान मुलांना भाषा शिकवली. निवृत्त झाल्यावर माझ्याच एका विद्यार्थिनीने मला कामासाठी बोलावून घेतले. ती आता एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीची प्रमुख होती. ज्यांना अद्याप वाचता येत नाही अशा सहा वर्षांच्या मुलांसाठी तिथे टॅबलेटवरचे एक ॲप तयार होत होते. चित्रे पाहायची, सूचना ऐकायची, सांगितलेल्या चित्राला बोट लावायचे आणि एकेक पडदा ओलांडत अक्षरांपर्यंत पोहोचायचे, अशी त्याची रचना होती. सूचना मी लिहाव्यात आणि माझ्याच आवाजात त्यांचे ध्वनिमुद्रण व्हावे, अशी तिची इच्छा होती.

"गुरुजी, तुमचा आवाज ऐकत आम्ही मोठे झालो," ती म्हणाली, "या मुलांनाही तो मिळू दे."

हे वाक्य मी मनात जपून घरी नेले. पुढे जे घडले त्याचे मूळ शोधायला बसलो की अजूनही या वाक्यापाशीच येऊन थांबतो.

कार्यालय एका सायकल दुरुस्तीच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर होते. खालून हवा भरण्याच्या पंपाचा आवाज सतत येई. दोन खोल्या होत्या. एकीत संगणकांची टेबले, दुसरीत मुलांसाठी एक बुटके टेबल आणि तीन बुटक्या खुर्च्या. त्या टेबलाचे कोपरे कोणाला लागू नयेत म्हणून आमच्या चित्रकार मुलीने ते स्वतः पॉलिशपेपरने घासून गोल केले होते. तिला सगळे कुंचला म्हणत. वय सत्तावीस-अठ्ठावीस, बोलणे फटकळ, आणि हाताला कायम कसला तरी रंग लागलेला. वास्तविक ती चित्रे संगणकावरच काढी, मग तो रंग कुठून येई हे कोडे कुणालाच सुटले नव्हते. प्रोग्रॅम लिहिणारा तरुण उंच आणि किडकिडीत होता. सॉफ्टवेअरमधल्या चुकांना तो किडे म्हणे, म्हणून त्याचे नाव किडेमास्तर पडले होते. प्रमुखबाईंना सगळे मॅडम म्हणत; मी मात्र तिला अजून एकेरीतच हाक मारी आणि तिला त्याचा अभिमान वाटे.

माझा आग्रह एकच होता. सूचना पूर्ण होईपर्यंत पडद्यावरचे कोणतेही चित्र बोटाला दाद देणार नाही. मुलाने आधी ऐकावे, मग विचार करावा आणि त्यानंतरच कृती करावी. श्रवण हे विद्येचे पहिले द्वार आहे, असे मी आयुष्यभर मानत आलो होतो. यंत्रानेही त्या द्वाराशी मुलाला क्षणभर थांबवावे, यात मला काही वावगे दिसत नव्हते.

पहिल्या दोन पडद्यांवरच्या सूचना लहान होत्या. तिसऱ्यावर चार चित्रे होती: शेळी, वासरू, कुत्रा आणि मांजर. त्यासाठी मी लिहिले होते, "शेळी कुठे आहे ते शोधा. चारही चित्रे नीट पाहा. घाई करू नका. पूर्ण विचार करा आणि मगच चित्राला बोट लावा." माझ्या संथ आवाजात याला बरोबर अकरा सेकंद लागत.

किडेमास्तरने घड्याळ लावून ते ऐकले आणि खुर्चीत मागे रेलला. "गुरुजी, शेळी म्हटल्या म्हटल्या पोर शेळीवर बोट ठेवणार. पुढचं प्रवचन ऐकायला थांबेल कोण?"

"थांबायला शिकावं म्हणूनच तर हे आहे."

"पण थांबायचंय हे त्याला कळणार कसं? बोट लावलं आणि काहीच झालं नाही, तर त्याला वाटेल चित्र बंद पडलंय."

"किंवा आपण चुकलोय," कुंचला म्हणाली. ती दारात उभी राहून बिस्किट खात होती. "माझी भाची काय करते माहितीये? दिव्याचं बटण दाबलं आणि दिवा लागला नाही, तर 'मी काही केलं नाही' म्हणून आधी रडायला लागते. वीज गेली असेल हे तिच्या डोक्यातच येत नाही."

"तुझी भाची तुझ्यावर गेली आहे," मी म्हणालो, आणि सगळे हसले. कुंचलाही हसली. पण माझ्या विनोदाने तिचा मुद्दा हसण्यावारी गेला. ते त्या वेळी मला कळले नाही असे मी म्हणू शकलो असतो तर बरे झाले असते. मला ते कळले होते.

मॅडमने दोघांकडे पाहिले, मग माझ्याकडे. "गुरुजींनी किती मुलं शिकवली असतील याचा हिशोब आहे का तुमच्याकडे? कुलूप राहू दे."

असे ते कुलूप राहिले. हा शब्द किडेमास्तरचाच होता. सूचना संपेपर्यंत पडदा बंद ठेवणाऱ्या त्या ओळीला त्याने प्रोग्रॅममध्ये हेच नाव दिले होते.

ॲप शाळांकडे पाठवण्याआधी मुलांना देऊन पाहायचे ठरले. ओळखीपाळखीतली चौदा मुले आळीपाळीने आली. मूल एकटे बसावे आणि मोठ्यांनी दुरून पाहावे, असे कुंचलाचे म्हणणे होते. मला ते निष्ठुरपणाचे वाटले. "अनोळखी खोलीत मूल एकटं बसवायचं नसतं," असे सांगून मी स्वतः प्रत्येकाशेजारी त्या बुटक्या खुर्चीवर बसलो. गुडघे हनुवटीला टेकत होते, पण मला त्यात धन्यता वाटत होती. मूल आले की मी त्याचे नाव विचारी, टॅबलेट समोर ठेवी आणि माझा तळहात टेबलावर हलकेच टेकवी. मूल हात मांडीवर घेऊन बसे. सूचना संपली की मी 'हं' म्हणे आणि मूल शेळीला बोट लावी. चौदापैकी चौदा मुलांनी तिसरा पडदा पहिल्याच प्रयत्नात ओलांडला. मी वहीत लिहिले, 'मुले अत्यंत एकाग्रतेने ऐकतात.'

तो तळहात आणि तो 'हं' मी वहीत लिहिला नाही, कारण आपण काही करतो आहोत याचे मला भानच नव्हते. अडतीस वर्षे ते मी करतच आलो होतो.

ॲप आठ शाळांत गेले. महिन्याभराने आकडे आले तेव्हा मॅडमने ते पडद्यावर लावले. तिसऱ्या पडद्यावर निम्म्याहून अधिक मुले चुकत होती. शेळीऐवजी बहुतेकांनी वासराला बोट लावले होते. पुढच्या पडद्यांवर तर अर्धी मुले पोहोचलीच नव्हती. एका शिक्षिकेने लिहिले होते, 'आमच्या वर्गातील मुले घरी शेळ्या राखतात. त्यांना शेळी ओळखता येत नाही याचे आम्हांस आश्चर्य वाटते.'

"म्हणजे चित्रच फसलंय," मॅडम म्हणाली. "शेळी वासरासारखी दिसते."

"शेळी शेळीसारखी दिसते," कुंचला म्हणाली. "चौदा पोरांना दिसली ना?"

"त्यांच्याजवळ गुरुजी होते."

हे मॅडम कौतुकाने म्हणाली होती. तिच्या बोलण्याचा खरा अर्थ त्या खोलीत कोणाच्याही ध्यानात आला नाही.

कुंचलाने शेळी पुन्हा काढली. शिंगे मोठी केली, दाढी लांबवली. नवे चित्र शाळांत गेले. आकडे जागचे हलले नाहीत. तिने तिसऱ्यांदा काढली. या खेपेस शेळी पांढरी आणि वासरू तांबडे होते, आंधळ्यालाही फरक कळावा असा. तरीही वासरूच. ती दुपारचे जेवण टेबलावरच घेऊ लागली. एकदा मी जवळून गेलो तेव्हा तिच्या पडद्यावर सतरा शेळ्या ओळीने उभ्या होत्या आणि ती त्यांच्याकडे नुसती पाहत बसली होती.

"गुरुजी, मला चित्र काढता येतं ना हो?" तिने मान न वळवता विचारले.

"का नाही येत?" मी म्हणालो आणि पुढे गेलो.

त्या रविवारी दुपारी मुलगा आणि सून बाहेर गेली होती आणि नात माझ्याकडे होती. ती सहा वर्षांची, पाय जमिनीवर ठरत नाहीत म्हणून घरात तिला भिंगरी म्हणतात. मी वाचत बसलो होतो आणि ती शेजारच्या खोलीत पलंगावर पालथी पडून टॅबलेट खेळत होती. ॲप मीच तिला दिले होते, पण त्या चौदा मुलांत ती नव्हती. नातीला घेणे मला पक्षपाताचे वाटले होते. दार अर्धे उघडे होते. माझाच आवाज मला ऐकू आला, "शेळी कुठे आहे ते शोधा," आणि मी कौतुकाने मान वर केली.

भिंगरीचे बोट तत्क्षणी शेळीवर गेले. माझा आवाज बोलतच होता, "चारही चित्रे नीट पाहा." शेळी हलली नाही. भिंगरीने बोट उचलले, पुन्हा टेकवले, जरा जोरात. "घाई करू नका," माझा आवाज म्हणाला. तिने हात असा मागे घेतला की जणू तिला कोणी दटावले होते. दटावलेच होते, मीच दटावले होते. मग तिने मांजराला बोट लावले, मग कुत्र्याला आणि शेवटी, माझे वाक्य संपता संपता, वासराला. वासरावर फुली उमटली आणि माझा आवाज प्रेमळपणे म्हणाला, "पुन्हा प्रयत्न करा."

दुसऱ्या खेपेला तिने शेळीकडे पाहिलेही नाही. शेळी चूक आहे हे तिला आधीच कळले होते.

"आजोबा," तिने हाक मारली, "हे मला येत नाही."

मी उठून तिच्याशेजारी बसलो. काही बोललो नाही. टॅबलेट समोर होता, माझा तळहात चादरीवर होता. सूचना सुरू झाली आणि भिंगरीने आपले दोन्ही हात मांडीवर घेतले. सूचना संपली. ती माझ्याकडे पाहत राहिली. माझ्या घशातून आपोआप 'हं' निघाला. तिने शेळीला बोट लावले आणि टाळ्या वाजवल्या.

त्या एका क्षणात मला सगळे दिसले: ती चौदा मुले, ती वही आणि त्या सतरा शेळ्या. मुलांना शेळी ओळखता येत होती. ती बरोबर उत्तर देत होती, आणि आम्ही त्यांना ते चूक आहे असे शिकवत होतो, माझ्या आवाजात. शाळांत मी शेजारी नव्हतो म्हणून ते उघडे पडले, आणि कार्यालयात मी शेजारी होतो म्हणून ते झाकले गेले होते. भिंगरी पुढच्या पडद्यावर गेली होती. मला तिच्या तोंडाकडे पाहवेना.

सोमवारी सकाळी मी कार्यालयाचा जिना चढलो तो सांगायचे ठरवूनच. वाक्येही जुळवली होती. पण मी आत गेलो तेव्हा बैठक सुरू झालेली होती आणि मॅडम म्हणत होती, "कुंचला, वाईट वाटून घेऊ नकोस. आपण सगळी चित्रं काढून फोटो वापरू. तुला या कामातून मोकळं करतेय. पुढचं काम आलं की बोलावीन."

"पुढचं काम म्हणजे कधी?"

"बघू."

कुंचलाचे ओठ घट्ट मिटले होते. किडेमास्तर टेबलावरची पेन्सिल फिरवत होता. मी तोंड उघडले. त्याच वेळी मॅडम माझ्याकडे वळली आणि तिच्या चेहऱ्यावर तोच भाव आला, जो ती आठ वर्षांची असताना पहिल्या बाकावर बसून माझ्याकडे पाहत असे. "गुरुजी, तुम्ही सांगा. तुम्हाला काय वाटतं?"

त्या चेहऱ्यावरचा तो भाव मावळताना मला पाहायचा नव्हता. एवढेच कारण, दुसरे कोणतेही नाही.

"चित्रं जरा संदिग्ध आहेत खरी," मी म्हणालो.

'संदिग्ध' हा शब्द मी मुद्दाम निवडला. तो जड होता आणि त्याच्याआड लपता येत होते. कुंचलाने माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत राग असता तर मी तो सोसला असता. तिला माझे म्हणणे पटले होते. तिने मान हलवली. गुरुजी म्हणतात म्हणजे खरेच असणार, असे तिने मानले, तंतोतंत भिंगरीसारखे.

दुपारी ती आपले सामान एका पुठ्ठ्याच्या खोक्यात भरत होती. मी मुलांच्या खोलीत त्या बुटक्या टेबलाशी उगाच उभा होतो. ती खोके घेऊन दारात आली.

"गुरुजी, एक विचारू? खरं सांगाल? मला बरं वाटावं म्हणून नको."

"विचार."

"तुम्ही चौदाच्या चौदा पोरांजवळ बसला होतात. त्यांना माझी शेळी ओळखू येत होती का? का तुम्ही शेजारी होतात म्हणून जमलं? म्हणजे मी हे काम सोडूनच द्यावं का, हे मला ठरवायचंय."

मी टेबलाच्या गोल कोपऱ्यावर हात ठेवला.

"ओळखू येत होती," मी म्हणालो. "शाळांतल्या मुलांनाही येते."

"मग?"

मग मी सांगितले. अडखळत सांगितले, सकाळी जुळवलेल्या वाक्यांपैकी एकही तोंडात आले नाही. भिंगरीचे बोट, माझा तळहात, तो 'हं', आणि त्या अकरा सेकंदांत मुलाला आपण चुकलो असे कसे वाटते, हे सगळे. मी थांबल्यावर कुंचलाने विचारले, "हे कधी कळलं तुम्हाला?"

"काल."

"काल." तिने तो शब्द पुन्हा उच्चारला. "आणि आज सकाळी तुम्ही संदिग्ध म्हणालात."

"हो."

मला वाटले ती ओरडेल. ती ओरडली नाही. खोके खाली ठेवून ती खुर्चीवर बसली आणि आपल्या बोटांवरचा रंग खरवडू लागली. "मी काल आईला सांगितलं," ती हळू आवाजात म्हणाली, "की मला चित्र काढता येत नाही हे मला आत्ता कळतंय. सत्तावीस वर्षांनी."

मी क्षमा मागितली. तिने हाताने ती बाजूला सारली. "ते नंतर. आधी आत जा आणि सांगा. मी पण येते. आणि तिथे संदिग्ध-बिंदिग्ध काही म्हणू नका."

आम्ही आत गेलो. मी उभा राहूनच सांगितले. किडेमास्तरची पेन्सिल फिरायची थांबली. मॅडम ऐकत होती आणि तिच्या चेहऱ्यावर हळूहळू काय होत गेले ते मी पाहिले. सकाळी जे पाहायचे टाळले होते ते अखेर पाहावे लागलेच.

पण तिचे प्रेम त्याहून चिवट निघाले, आणि ते अधिक अवघड गेले. "गुरुजी, यात तुमचा काय दोष? तुम्हाला सॉफ्टवेअरचं काय माहीत? शाळांना आपण कळवू की प्रोग्रॅममध्ये तांत्रिक बिघाड होता."

"बिघाड म्हणजे माझा," किडेमास्तर म्हणाला. "माझ्या नावावर खूप किडे आहेत, एक वाढला तर काय होतंय? गुरुजींसाठी घेतो."

तो मनापासून म्हणाला होता. एक क्षण, आणि हा क्षण मी लपवणार नाही, मला ते हवेहवेसे वाटले. आठ शाळांतले शिक्षक मला ओळखत होते. त्यांपैकी तिघे माझे विद्यार्थी होते.

कुंचला माझ्याकडे पाहत होती.

"नको," मी म्हणालो. "यांनी दोघांनी मला तेव्हाच सांगितलं होतं. हिने भाचीचं उदाहरणसुद्धा दिलं होतं. मी ते हसण्यावारी नेलं. पत्र माझ्या नावानं जाईल आणि ते मी लिहीन."

मॅडमने डोळे खाली केले. "बरं," ती म्हणाली. 'गुरुजी' हा शब्द या वेळी पुढे आला नाही.

किडेमास्तरने कुलूप काढले. "एक ओळ," तो पडद्याकडे पाहत म्हणाला, "तीन महिने आणि एक ओळ." मग त्याने आणखी एक गोष्ट केली. मुलाने बोट लावताच माझा आवाज तिथल्या तिथे थांबेल आणि चित्र लगेच उत्तर देईल, अशी सोय. कुंचलाने आपली पहिली शेळी शोधून पुन्हा बसवली. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर पाच नवी मुले आली.

"गुरुजी, तुम्ही बाहेर थांबा," कुंचला म्हणाली.

मी बाहेरच्या अरुंद जागेत जिन्याच्या कठड्याला धरून उभा राहिलो. दार लोटलेले होते. आतून माझा आवाज येई, "शेळी कुठे आ..." आणि तुटे. पुन्हा येई आणि तुटे. थोड्या वेळाने एका मुलीला कळले की आपण बोट लावले की आतला माणूस गप्प बसतो. तिला ते शेळीपेक्षा फार आवडले. "आजोबांना गप्प केलं!" ती ओरडली. मग पाचही मुलांनी तोच खेळ सुरू केला आणि प्रत्येक वेळी माझे वाक्य तुटले की आत हास्याचा धबधबा कोसळे. शेळीवर त्यांचे बोट एकदाही चुकत नव्हते. खालचा सायकलवाला मान वर करून बघू लागला. मी त्याच्याकडे पाहून हसण्याचा प्रयत्न केला.

कुंचला परत कामावर आली. ती गेलीच नव्हती असे मॅडमने सगळ्यांना सांगितले. पण ती माझ्याशी पूर्वीसारखी फटकळ बोलत नाही. जपून बोलते. मला तिचा फटकळपणा हवा आहे, पण तो मागण्याचा अधिकार माझ्यापाशी उरलेला नाही.

पत्र मी हाताने लिहिले, आठ प्रती. चूक ॲपची नसून ते कसे असावे हे ठरवणाऱ्या माझी होती. आपल्या वर्गातील अनेक मुलांनी प्रथम बरोबर चित्रालाच बोट लावले होते आणि यंत्राने ते मानले नाही. कृपया हे मुलांना वाचून दाखवावे, असे लिहिले. शक्य असल्यास कोणत्या मुलाने आधी शेळीला बोट लावले होते याची यादी सोबत जोडावी, म्हणजे प्रत्येकाला नावानिशी सांगता येईल, असे मनात आले. मी किडेमास्तरला ती यादी मागितली.

त्याने मान हलवली. "नाही मिळणार, गुरुजी. कुलूप लागलेलं असताना जे बोट लागलं त्याची नोंदच होत नाही. ॲपच्या लेखी ते बोट लागलंच नाही."

"एकाचीही नाही?"

"एकाचीही नाही."

मी यादीविना पत्रे पाठवली. पाच-सहा दिवसांनी एका शाळेतून फोन आला. शेळ्या राखणाऱ्या मुलांविषयी जिने लिहिले होते तीच शिक्षिका. पत्र वाचून दाखवले, मुले खूश झाली, असे ती म्हणाली. मग म्हणाली,

"एक मुलगी आहे, गुरुजी. तिसऱ्या पडद्यापासून तिनं टॅबलेटला हातच लावला नव्हता. पत्र ऐकल्यावर उठून माझ्याजवळ आली आणि विचारलं, बाई, त्यात मी पण आहे का? माझंही बरोबर होतं का? मी काय सांगू तिला?"

मला होय म्हणायचे होते. एका शब्दाने तिचे समाधान झाले असते, आणि माझेही. पण मला ते ठाऊक नव्हते. आता कोणालाच ठाऊक होणार नव्हते. माझ्या शब्दावर तिने एकदा विश्वास ठेवला होता. खात्री नसताना दुसऱ्यांदा तो मागावा असे मला वाटेना.

"तिलाच विचारा," मी म्हणालो. "तिनं आधी कुठल्या चित्राला बोट लावलं होतं? ती सांगेल ते खरं माना."

फोन बाजूला ठेवल्याचा आवाज आला. दूर वर्गाचा गलबला ऐकू येत होता. मग शिक्षिका परतली.

"आठवत नाही म्हणते, गुरुजी."